अमळनेरात बसून बायकांची डाउनहिल स्की रेस कशी बघायची

सगळ्यात आधी वेळेचं गणित लावून घ्या. स्कीचा वर्ल्ड कप म्हणजे सीझनभर वेगवेगळ्या डोंगरांवर होणाऱ्या रेसची मालिका. तिचा सीझन हिवाळ्यातला, डाउनहिल रेस साधारण डिसेंबर ते मार्च. युरोपातली रेस तिथल्या घड्याळात सकाळी दहा ते साडेअकराच्या दरम्यान सुटते आणि हिवाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेचार तास पुढे, म्हणजे आपल्याकडे दुपारी अडीच ते चार. जेवणं झालेली, भांडी आवरलेली, माय टीव्हीसमोर सूप घेऊन तूर निवडत बसलेली, अशी बरोब्बर वेळ. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर पुढे जातात, मग फरक साडेतीन तासांचा होतो, तेवढं लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या रेस मात्र आपल्या रात्री. बीव्हर क्रीकला सकाळी अकराला सुटली तर इथे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि थंडीही पडलेली असते, पण डिसेंबर २०२४ मध्ये 'बर्ड्स ऑफ प्रे' या कोर्सवर, म्हणजे रेसच्या उतारावर, बायकांची डाउनहिल पहिल्यांदाच झाली, तो पुरुषांचा नावाजलेला कोर्स, त्यासाठी जागायला काहीच हरकत नव्हती.

लाईव्ह चित्र कुठल्या ॲपवर येतं ते सीझनच्या आधीच एकदा शोधून ठेवा, ऐन वेळेला धावपळ नको. आणि चित्र नाही मिळालं, लाईट गेले, नेट रडत असलं तरी एफआयएसच्या म्हणजे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या साईटवर लाईव्ह टायमिंग फुकट असतं. नुसते आकडेच असतात त्यामुळे डेटा फार खात नाही. मी तर म्हणेन चित्र असलं तरी दुसऱ्या मोबाईलवर हे टायमिंग उघडंच ठेवा, का ते पुढे सांगते. हायलाइट्स नंतर यूट्यूबवर येतात पण त्यात फक्त पहिल्या दोन-तीन जणी आणि पडलेल्या पोरी दाखवतात, त्यावरून रेस समजत नाही.

आता खेळ काय आहे ते पटकन. अल्पाइन स्कीइंगमध्ये मुख्य चार प्रकार, स्लॅलम, जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिल. पहिल्या दोघांत वळणं जास्त आणि दोन-दोन रन (वरून खाली एक खेप म्हणजे एक रन), शेवटच्या दोघांत वेग. डाउनहिलला एकच रन. वरून सुटायचं, सगळ्या गेटमधून, म्हणजे बर्फात रोवलेल्या खुणेच्या दांड्यांमधून जायचं, खाली यायचं, संपलं. एक गेट चुकलं की बाहेर, दुसरा चान्स नाही. बायकांच्या कोर्सला सुरुवात आणि शेवट यांच्या उंचीतला फरक ४५० ते ८०० मीटर ठेवतात. तोरणमाळच्या घाटात गाडी वळणावळणाने चढते आणि कान बंद होतात ना, तशी उंची या पोरी दीड-पावणेदोन मिनिटांत उतरतात. वेग ताशी १२०-१३० पर्यंत जातो. हा वेग टीव्हीवर कळतच नाही हो, कॅमेरा सोबत पळत असतो म्हणून सगळं अलगद वाटतं. म्हसावद किंवा शिरसोलीच्या प्लॅटफॉर्मवर उभे असताना न थांबणारी सुपरफास्ट जाते, पोटात धडधडतं आणि ओढणी उडते, तो वेग डोळ्यासमोर आणा आणि मग त्या वेगात गाडी नाही, एक बाई आहे असं समजून बघा. पायाला बांधलेल्या स्की कमीत कमी २१० सेंटिमीटर लांब, आणि त्यांची कड इतकी सरळ की त्या वळायला राजीच नसतात (नियमानुसार त्या कडेच्या गोलाईची त्रिज्या ५० मीटरपेक्षा कमी चालत नाही). म्हणजे वळवायचं काम सगळं मांड्यांचं.

वेळ मोजतात शतांश सेकंदात. हे नुसतं ऐकून काही होत नाही, हिशोब करून बघा. १२० च्या वेगाने माणूस सेकंदाला ३३ मीटर जातो, म्हणजे एका शतांशात ३३ सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा जरासं जास्त. २०१८ च्या ऑलिंपिकला प्योंगचांगमध्ये इटलीची सोफिया गॉज्जा १ मिनिट ३९.२२ मध्ये खाली आली आणि नॉर्वेची रागनहिल्ड मोविंकेल ९ शतांशांनी मागे राहिली, तीन मीटरसुद्धा नाही, आणि सगळा डोंगर उतरून. त्याच्या आधी २०१४ ला सोचीमध्ये तर स्लोव्हेनियाची टीना माझे आणि स्वित्झर्लंडची डॉमिनिक गिसां दोघींची वेळ १ मिनिट ४१.५७, अगदी शतांशापर्यंत सारखी, आणि दोघींना सोनं दिलं. ऑलिंपिकच्या अल्पाइनमध्ये असं आधी कधी झालं नव्हतं.

रेस बघायची तर ट्रेनिंगपासून बघा. डाउनहिलला रेसच्या आधी कमीत कमी एक ट्रेनिंग रन व्हावीच लागते आणि जिला रेस करायची तिला त्यात उतरावंच लागतं, सुपर-जीला हे नसतं. या वेगाला अनोळखी रस्त्यावर कोणाला सोडत नाहीत, साधी गोष्ट. ट्रेनिंगच्या वेळा साईटवर येतात, त्या बघा पण त्यावर पैज लावू नका, कारण बऱ्याच जणी वरचा भाग जोरात करतात आणि शेवटच्या उताराला उभ्या राहून वेग सोडून देतात, दम वाचवायला म्हणा की समोरचीला अंदाज येऊ नये म्हणून. त्यामुळे ट्रेनिंगमधला एकूण नंबर सोडा, तुकड्या-तुकड्यांच्या वेळा बघा. रेसच्या दिवशी सकाळी परत इन्स्पेक्शन असतं, सगळ्या जणी कोर्सच्या कडेकडेने हळूहळू घसरत खाली येतात, प्रत्येक वळणाशी थांबतात, डोळे मिटून हात हलवत मनातल्या मनात वळणं घेतात. ते कुठे बघायला मिळालं तर सोडू नका. मला रेसइतकंच ते आवडतं, परीक्षेच्या आधी वर्गाबाहेर उभ्या पोरी पुटपुटत असतात ना, अगदी तसंच.

मग एक कोरा कागद घ्या आणि कोर्सचं चित्र काढा, चांगलं नको, आपल्याला कळेल एवढं. वरून खाली एक रेघ आणि त्यावर चार प्रकारच्या जागांच्या खुणा.

पहिली, सपाट जागा. इथे बघणारा कंटाळतो आणि रेस इथेच जाते, हे मला दोन सीझन गेल्यावर कळलं. सपाटीवर काही घडताना दिसत नाही, बाई नुसती गुडघ्यात वाकून, हात पुढे घेऊन, अंड्यासारखी गोल होऊन बसलेली असते, त्याला टक म्हणतात. पण खाली स्की बर्फावर सपाट पडलीय का कडेवर हे बघा. कड लागली की बर्फ घासतं, वेग जातो. काही जणींच्या पायात हे उपजतच असतं, त्याला ग्लायडिंग म्हणतात, बर्फाला न दुखवता त्याच्यावरून जायचं. शिवाय वॅक्स. स्कीच्या खाली लावायचं मेण त्या दिवशीच्या बर्फाप्रमाणे, थंडीप्रमाणे ठरतं, आणि हे काम करणारा टेक्निशियन रात्रभर जागतो पण त्याचं नाव टीव्हीवर येत नाही. आधी फ्लोरिनवालं मेण लावायचे ते २०२३-२४ च्या सीझनपासून बंद केलं.

दुसरी, वळणं. इथे एकच गोष्ट बघायची, स्कीच्या मागून बर्फाचा फवारा किती उडतोय. मोठा फवारा दिसायला भारी दिसतो, पण तो फवारा म्हणजे तिचा वेग आहे जो हवेत उडाला. चांगली रेसर वळण गेटच्या आधीच सुरू करते, वरून येते आणि गेटपाशी पोचेपर्यंत तिचं तोंड पुढच्या गेटकडे झालेलं असतं. उशीर झालेली गेटच्या खाली जाऊन वळते, मग तिला स्की आडवी करून घासावी लागते. आपल्याकडे कन्नड घाट उतरताना जुना ड्रायव्हर वळणाच्या आधीच गाडी हातात घेतो आणि नवीन पोरगा वळणात शिरल्यावर ब्रेक मारतो, बाजूला बसलेल्याला फरक लगेच कळतो, तसंच आहे हे.

तिसरी, उड्या. नवीन माणसाला वाटतं जास्त लांब उडाली ती भारी, पण इथे उलटं. हवेत वेळ वाया जातो. म्हणून टेकाड यायच्या जरा आधी त्या शरीर दाबून घेतात, गुडघे छातीशी ओढतात, की उडी बुटकी व्हावी. हात पसरले की समजा तोल गेलाय, आणि पसरलेल्या हातांना वारा लागतो म्हणजे तोल सावरला तरी वेळ गेलाच. दोन्ही स्की एकदम टेकल्या का, आणि टेकल्यावर लगेच परत टकमध्ये गेली का, एवढं बघायचं.

चौथी, खोलगट जागा, उतार संपून एकदम वर उठतं तिथे. कॉम्प्रेशन म्हणतात. तिथे सगळं अंग खाली दाबलं जातं आणि दमलेल्या मांड्या तिथेच सोडून देतात, जास्त करून कोर्सच्या खालच्या भागात.

सुरुवात करायची असेल तर कॉर्टिनाचा कोर्स घ्या. इटलीत कॉर्टिना दाम्पेझ्झो, कोर्सचं नाव ओलिम्पिया देल्ले तोफाने. वरच्या भागातच तोफाना शुस, दोन्ही बाजूला उंच खडकांच्या भिंती आणि मधून सरळ खाली जाणारी बर्फाची पट्टी, सगळ्यात तीव्र जागी उतार ६५ टक्के. एकदा ते दृश्य बघितलं की डोक्यातून जात नाही. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी बायकांची अल्पाइन स्कीइंग तिथेच ठेवली. बाकी सेंट मॉरिट्झ, वाल दिझेर, क्रान्स-मोंताना, गार्मिश, झाउखनझे ही नावं कानावर येत राहतील, हळूहळू प्रत्येक कोर्सचा स्वभाव कळतो.

आता तो दुसरा मोबाईल. टीव्हीवर मध्ये-मध्ये स्प्लिट टाइम येतो, म्हणजे कोर्सवरच्या मधल्या ठरलेल्या जागेपर्यंतची वेळ, हिरवा म्हणजे आतापर्यंतच्या पहिल्या नंबरवालीच्या पुढे, लाल म्हणजे मागे. सगळे रंगावर जातात. हिरवं दिसलं की कॉमेंटेटर ओरडतो, लाल झालं की हळहळतो. पण रंग फसवतो. समजा जळगावहून सुटलेली एसटी धरणगावला दहा मिनिटं लवकर पोचली आणि अमळनेरला चारच मिनिटं लवकर, तर स्टँडवर उभा माणूस म्हणेल वा, गाडी लवकर आली. पण धरणगाव ते अमळनेर तिने सहा मिनिटं घालवली ना. स्प्लिटचं तेच. दुसऱ्या स्प्लिटला एखादी ०.४० ने पुढे, तिसऱ्याला ०.१० ने पुढे, आकडा अजून हिरवाच आहे पण मधल्या तुकड्यात तिने ०.३० घालवले, आणि हे कुठेच मोठ्या अक्षरात लिहून येत नाही. ते आपणच काढायचं. मी वहीत रकाने पाडते, नंबर, नाव, आणि एकेका तुकड्याचा फरक, आधीच्या आकड्यातून पुढचा वजा करून. पंधरा-वीस जणी झाल्या की वही बोलायला लागते, जसं की चौथ्या तुकड्यात सगळ्याच जणी गमावताहेत, एकटीच कोणी तरी कमावतेय, तर तिने तिथे काय वेगळं केलं? मग रिप्ले आला की बरोब्बर त्याच जागी डोळे ठेवायचे. कधी तिने लाईन, म्हणजे वळणातून जायची वाट, मीटरभर वर धरलेली असते, कधी काहीच नाही, नुसती टकमधून उठली नाही एवढंच. आणि ती एकूण नवव्या नंबरवर असते त्यामुळे तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला या नवव्या-दहाव्या पोरी शोधायला फार आवडतं, पुढच्या सीझनला त्यातलीच एखादी वर आलेली दिसते.

सुटण्याचा नियमही माहीत असू द्या. स्टार्टला नडगीपुढे एक आडवी दांडी असते, ती नडगीने ढकलली की घड्याळ सुरू. ठरलेल्या क्षणाच्या पाच सेकंद आधी ते पाच सेकंद नंतर कधीही सुटता येतं, त्यामुळे शर्यत धावताना ऐकू येतो तसा एकच आवाज आणि सगळे पळाले असं नाही, प्रत्येकीचा स्वतःचा श्वास असतो. रँकिंगमधल्या वरच्या पोरी साधारण पहिल्या वीसात येतात, पण नंबर वीसनंतर टीव्ही बंद करू नका. कोवळं ऊन येतं, ढग सरकतो, वारा पडतो, कोर्स अचानक फास्ट होतो. बर्फ पडत असेल तर उलटं, नवीन बर्फ वेग खातं. कोर्सवर निळ्या रेघा दिसतात त्या बर्फातच रंग टाकून ओढतात, कारण ढगाळ हवेत पांढऱ्यावर पांढरं, खड्डा कुठे आणि टेकाड कुठे डोळ्याला कळत नाही. वारा फार असला की स्टार्ट खाली घेतात, रेस लहान होते. कधी रद्दच होते, मग चिडून उपयोग नाही, डोंगरावर कोणाचं चालत नाही.

पॉइंटचं सोपं आहे. पहिलीला १००, दुसरीला ८०, तिसरीला ६०, मग ५०, ४५, ४० असं उतरत तिसाव्या नंबरला १. सीझनभराच्या डाउनहिल पॉइंटवर काचेचा छोटा गोल म्हणजे ट्रॉफी मिळते, सगळे प्रकार मिळून मोठा गोल. २०२४-२५ मध्ये इटलीच्या फेडेरिका ब्रिन्योनेने मोठाही नेला आणि डाउनहिलचाही, वयाच्या ३४ व्या वर्षी.

पडण्याबद्दल. पहिल्यांदा मायसोबत बघितलं तेव्हा एक पोर जाळीत गेली आणि मायने सूप खाली ठेवलं, "तिले लागनं का व?" एवढंच विचारत राहिली, पुढच्या चार जणी कोण आल्या तिने बघितल्याच नाहीत. तिचं बरोबर होतं. पडणं हा या खेळातला तमाशा नाही, रिप्ले परत परत बघू नका आणि पोरांना तेवढंच कापून दाखवू नका. १९९४ ला गार्मिशच्या डाउनहिलमध्ये ऑस्ट्रियाची उलरिके मायर पडली आणि वाचली नाही. कडेला जाळ्यांच्या रांगा असतात त्या अशाच अनुभवांतून. आता कपड्याच्या आत एअरबॅग घालावी लागते, २०२४-२५ च्या सीझनपासून वर्ल्ड कपच्या डाउनहिल आणि सुपर-जीला सक्तीची आहे, स्कीच्या धारेने कापू नये म्हणून आतले कपडेही वेगळे. कोणी पडलं आणि मागची सुटलेली असली तर तिला पिवळा झेंडा दाखवून थांबवतात, तिला परत रन मिळते. एवढा वेळ रेस थांबते, हेलिकॉप्टर येतं, तेव्हा वर स्टार्टला उभ्या पोरींचे चेहरे बघा, त्यांना खाली काय झालं ते कळलेलं असतं आणि तरी त्यांना सुटायचंय.

आणि त्या परत येतात. गॉज्जा जानेवारी २०२२ मध्ये कॉर्टिनाला पडली, गुडघ्याचा लिगामेंट अर्धवट फाटला, पायाच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर, आणि २३ दिवसांनी बीजिंगच्या ऑलिंपिकला डाउनहिलमध्ये चांदी घेऊन गेली, स्वित्झर्लंडच्या कोरिन सुटरच्या १६ शतांश मागे. अमेरिकेच्या लिंडसी वॉनचं तर सगळ्यांना माहीत असेल, २०१० ला व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकचं डाउनहिल सोनं, २०१९ ला थांबली तोवर वर्ल्ड कपच्या ८२ रेस जिंकलेल्या, त्यातल्या ४३ नुसत्या डाउनहिल. मग गुडघ्याचा काही भाग बदलून डिसेंबर २०२४ मध्ये परत उतरली आणि मार्च २०२५ ला, चाळिशीत, सुपर-जीमध्ये दुसरी आली. पण फक्त तिच्यावर थांबू नका. ऑस्ट्रियाच्या आन्नेमारी मोझर-प्रोलने सत्तरच्या दशकात सलग ११ वर्ल्ड कप डाउनहिल जिंकल्या होत्या, तेव्हाच्या स्की आणि तेव्हाच्या जाळ्या डोळ्यासमोर आणा. ऑलिंपिकमध्ये बायकांची डाउनहिल पहिल्यांदा झाली १९४८ ला, सेंट मॉरिट्झला, जिंकली घरचीच हेडी श्लुनेगर.

एक कळकळीची विनंती, बायकांच्या वेळा पुरुषांच्या वेळांशी लावून बघू नका. कोर्स वेगळा, उंची वेगळी, स्की वेगळी, बर्फाचा दिवस वेगळा. आमच्या घरी कोणी ना कोणी हे विचारतंच, "मंग माणसं किती जोरात जातात?" मी सांगते, ते शनिवारी बघू, आता ही बघा.

घरात एखादी पोर म्हणाली मला करायचंय, तर हसण्यावारी नेऊ नका. १९८८ ला कॅल्गरीच्या ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलमला उतरली, हिवाळी ऑलिंपिकमध्ये गेलेली भारताची पहिली बाई. मनालीकडच्या आंचल ठाकूरने २०१८ ला तुर्कस्तानात ब्राँझ आणलं, स्कीइंगमधलं आपलं पहिलं आंतरराष्ट्रीय मेडल. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था आहे, तिथे अगदी पहिल्यापासून शिकवतात, औलीलाही शिकवण्याचे कोर्स होतात. पहिल्या आठवड्यात फक्त थांबायला शिकवतात, स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब, व्ही उलटा करून. डाउनहिल त्याच्यापुढे फार फार वर्षांनी येते, तोवर इथे मांड्यांचं काम चालू ठेवायला काही बर्फ लागत नाही.

रेस संपल्यावर लगेच उठू नका, संध्याकाळपर्यंत एफआयएसच्या साईटवर निकालाची पीडीएफ येते, तिच्यात सगळ्यांचे स्प्लिट असतात. आपली वही तिच्याशी ताडून बघा, वजाबाकी कुठे चुकली ते दिसतं. आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी त्याच डोंगरावर सुपर-जी असते, त्याच पोरी, ट्रेनिंग नाही, गेट जास्त, म्हणून आज कोणाला वळणात वेळ गेला ते वहीतून काढून ठेवा. दळण आजच आणा, उद्या दुपारी गिरणीत नंबर लागला तर पहिल्या दहा जणी हुकतील.